याएलची दुसरी आजी

४ मे २०२५, रविवार

जेकब, सून कात्रिन आणि नात याएल दुपारी ब्रॅकनेलहून आले होते. मी मटण-बटाटा केला होता, नारळाच्या दुधातला भात केला होता. जेवण अर्ध्यावर आलं आणि जेकब म्हणाला, "मम्मी, हाफ-टर्मच्या सुट्टीत आपण सगळे हामेलनला जाऊ. तुझा तिकीट मी काढला."

तुझं तिकीट. काढलं. एकेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याच्या मराठीला लिंग सापडत नाही. म्हणून तर हे सगळं मी मराठीत लिहिते. ठाण्याच्या शाळेत गिरवलेली अक्षरं या घराण्यात आता माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत.

हामेलन म्हणजे कात्रिनचं जर्मनीतलं माहेर. बासरीवाल्याचं गाव. गावातले उंदीर त्याने बासरी वाजवून नदीत नेऊन बुडवले, आणि गावकऱ्यांनी शब्द फिरवल्यावर मुलं नेली. दहा वर्षं झाली लग्नाला, मला तिथे यायला कधी कुणी म्हटलं नव्हतं. आता का?

तिथे याएलची ओमा राहते. ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजी. नाव इंग्रिड. शहात्तर वर्षांची, काठीसारखी सरळ, सायकल चालवते. जन्मभर लहान मुलांना शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना गाव दाखवलं. मी इथे लंडनला, एजवेअरमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर होते. तिने मुलांना गोष्टी सांगितल्या, मी लोकांना "बसा, बोलावतील" सांगितलं. याएलला कोण जास्त आवडणार?

मागच्या आठवड्यात मी ब्रॅकनेलला राहिले होते. रोज संध्याकाळी सहाला हामेलनला फोन. याएल होमवर्क सोडून धावते. विचारते, "ओमा, आज जेवलीस का? काय जेवलीस?" इतकं जर्मन मलाही कळायला लागलंय. मला तिने हे कधी विचारलं नाही. मी जेवले असणार, हे सगळे धरूनच चालतात.


९ मे, शुक्रवार

काल मला बहात्तर पूर्ण झाली. इंग्रिडचं कार्ड मंगळवारीच आलं होतं. आज पुन्हा एक आलं. तेच फुलांचं चित्र, तोच मजकूर, तीच वळणदार सही.

सुहासिनी आली होती. दोन घरं सोडून राहते, मूळची पुण्याची. माझा नवरा, बेंजामिन, गेल्यापासून आम्ही एकमेकींना रोज एकदा तोंड दाखवतो. दोन्ही कार्डं तिच्यापुढे टाकली.

ती म्हणाली, "अगं, पहिलं पाठवलेलं विसरली असेल."

"ती बाई काही विसरत नाही. मी बहात्तरची झाले हे मला दोनदा सांगायचं होतं तिला."

"ती तुझ्याहून मोठी आहे ना पण?"

"दिसत नाही ना."

सुहासिनी चहा पीत राहिली. मग म्हणाली, "इतकं होतंय तर नको जाऊस हामेलनला."

आणि तिला मोकळं रान देऊ? जाणार तर मी आहेच.


२४ मे, शनिवार. हामेलन

शब्बाथला, आम्हा ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, प्रवास केला. बेंजामिन असता तर निघू दिलं नसतं. हॅनोवरला उतरून ट्रेनने इथे आलो. स्टेशनवर इंग्रिड नव्हती. तिची शेजारीण गाडी घेऊन आली होती. कात्रिन आणि ती पुढच्या सीटवर हळू आवाजात बोलत होत्या, वाटभर.

घराच्या फाटकाशी इंग्रिड उभी होती, पांढऱ्या कॉलरचा निळा शर्ट, मोत्यांचे डूल. आम्हाला बघून इंग्लिशमध्ये म्हणाली, "आज येणार होता का तुम्ही?" सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं. पाहुणी आवडत नसेल तर नाही म्हणावं, थट्टा कशाला?

मी करंज्या आणल्या होत्या. इंग्रिडने डबा हातात घेतला, छान म्हणाली आणि डबा नेऊन बुटांच्या कपाटात ठेवला. बुटांच्या. कात्रिनने गुपचूप काढून आणला. मला दिसलं नाही असं तिला वाटलं असेल.


२५ मे, रविवार

गाव सुंदर आहे, हे मान्य करायला हवं. लाकडी पट्ट्यांची जुनी घरं, वरचे मजले रस्त्यावर वाकलेले. रस्त्यातल्या दगडांवर पांढरे उंदीर रंगवलेत, त्यांच्या मागोमाग गेलं की गाव बघून होतं. बेकरीतही उंदीर, पावाचे, शेपटीसकट. मला घ्यावासा वाटला नाही.

बाराच्या सुमाराला चौकात बासरीवाल्याचं नाटक झालं. गावातलीच माणसं आणि मुलं करतात. लहान मुलं करड्या कपड्यांत उंदीर झाली होती. याएल तोंड उघडं टाकून बघत होती आणि तिचा हात इंग्रिडच्या हातात. नाटक संपेपर्यंत सुटला नाही. मी तिचा दुसरा हात धरला तर म्हणाली, "आजी, I need one hand for my ice cream."

म्हणजे हात सोडायचा झाला तर माझा.

मग इंग्रिडने गाव दाखवलं. आवाज मऊ, शब्द मोजके, थांबावं तिथे थांबते. एका गल्लीत नेलं. मुलं याच वाटेने गेली म्हणतात, म्हणून तिथे अजूनही कुणी वाद्य वाजवत नाही, लग्नाची वरातसुद्धा तिथे पोचली की गप्प होते. ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. पुढे दोन-तीन वळणं घेतली आणि पुन्हा त्याच गल्लीत आलो, आणि तीच गोष्ट तिने पहिल्यापासून सांगितली. आपलंच बोलणं इतकं आवडावं एखाद्याला? जेकब आणि कात्रिनने पुन्हा पहिल्यासारखीच ऐकून घेतली. मधे एखाद्या शब्दाशी इंग्रिड अडली की याएल चटकन पुरवायची. दोघींनी तालीम केल्यासारखं चाललं होतं. माझ्या गोष्टीतला एकही शब्द याएलला पुरवता येणार नाही. तसं माझी गोष्ट तिने ऐकायला कधी मागितलीय म्हणा.

चारला सफरचंदाचा केक. एक घास घेतला आणि कळलं, साखरच नाही. सगळे खाली मान घालून खात होते. याएल म्हणाली, "Best cake, Oma." आणि आणखी एक तुकडा घेतला.

माझा हलवा तिला फार गोड लागतो.


२७ मे, मंगळवार

आज कळलं सगळं. सकाळी याएलला वेणी घालत होते, बोलता बोलता म्हणाली, "आजी, माझा नवा school मधे climbing frame आहे. उद्या बघायला जाणार."

"कुठली नवी शाळा?"

तिने तोंडावर हात ठेवला.

जेकब बागेत होता. मी सरळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही इथे राहायला येताय."

त्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, "मम्मी, आम्ही सांगणारच होतो. इथे, समोर बसून. म्हणून तर तुला आणलं. ओमाला आता गरज आहे, तिला..."

"ओमाला गरज आहे. आणि मला? मी काय एजवेअरच्या भिंतींशी बोलू?"

"तू ऐकून तर घे."

"मला ऐकायचं नाही. तिने हाक मारली आणि तुम्ही निघालात. मुलगी तिचीच, नातही तिचीच. मुलगा तेवढा माझा होता, तोही द्यायचा?"

तो काहीतरी बोलणार होता. मी आत निघून आले. खिडकीतून पाहिलं, याएल इंग्रिडच्या कोटाची बटणं लावून देत होती. सात वर्षांची मुलगी. इतकं लाडात यावं माणसाने, की नातीकडून बटणं लावून घ्यावीत. माझ्या बोटांत संधिवात आहे, मी कुणाला सांगितलंय का?

मला तिचा राग येतो आहे असं वाटत होतं. पण राग नाही हा. मला तिच्या जागी उभं राहायचंय. ती बटणं माझ्या कोटाची असायला हवी होती.


२८ मे, बुधवार

आजचं आजच लिहिते.

ते तिघे सकाळी शाळा बघायला गेले. कात्रिन जाताना इंग्लिशमध्ये म्हणाली, "मम्मी, मामाबरोबर घरीच थांबाल ना? आम्ही लगेच येतो." ती आपल्या आईला मामा म्हणते, पहिल्या मा वर जोर देऊन. मी बरं म्हटलं.

मला इंग्रिड एकटीच हवी होती. ती कोट घालून तयार होऊन आली आणि म्हणाली, "चला, गाव दाखवते." म्हटलं चला. बाहेर बोलणं बरं, तिच्या घरात तिला बोलायला नको.

त्या मुक्या गल्लीत पोचलो. ती गोष्ट सांगू लागली. मी मधेच तोडलं.

"इंग्रिड, मी स्पष्टच बोलते. तुम्ही याएलला माझ्यापासून तोडताय."

तिने माझ्याकडे बघितलं. फार सभ्य हसली, दुकानात नव्या गिऱ्हाइकाकडे बघून हसतात तशी. "तुमची नात आमच्या शाळेत आहे का? कुठल्या वर्गात?"

"थट्टा करू नका माझी."

"नाही, नाही. मुलं खूप आहेत, सगळ्यांची नावं लक्षात राहत नाहीत." मग म्हणाली, "तुम्ही कुठून आलात?"

"लंडनहून. इंग्रिड, मी मझल."

"लंडनहून. इतक्या लांबून. मग तुम्हाला ती गल्ली दाखवायलाच हवी, जिथे वाद्य वाजवत नाहीत."

आम्ही त्याच गल्लीत उभ्या होतो.

 ती माझ्या पुढे चालू लागली, ताठ, पर्स छातीशी. कोपऱ्यावर थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. एका क्षणात चेहरा बदलला. जर्मनमध्ये बोलायला लागली, भराभर. मला एकच शब्द कळत होता, किंडर. मुलं. वर्गात मुलं एकटी आहेत असं काहीतरी असणार, कारण ती पुन्हा पुन्हा मनगटावर घड्याळ शोधत होती आणि मनगटावर घड्याळ नव्हतं. मग रडायला लागली. ही बाई, जिच्यासमोर काय घालायचं ते मी तीन आठवडे ठरवत होते, ती रस्त्यात उभी राहून लहान पोरीसारखी रडत होती.

मी तिचा हात धरला. गार पडला होता. मला जर्मन येत नाही. तिच्या रस्त्याचं नाव माहीत नाही. चार दिवस तिच्या घरात राहिले, पत्ता विचारावासा वाटला नाही मला. बाजूच्या बाकावर तिला बसवलं, जेकबला फोन लावला. तो येईपर्यंत काय करावं कळेना, तर मराठीत बोलत राहिले. "बसा हं. येतायत. मुलं ठीक आहेत." काय बोलतेय याला अर्थ नव्हता, आवाज थांबू नये एवढंच. तिने डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. वजन असं काही लागलंच नाही.

जेकब धावत आला. त्याच्यामागे याएल. याएलने आधी माझ्याकडे बघितलंच नाही, ओमासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. इंग्रिड निवली. तेव्हा मला समजलं की गेले चार दिवस ती पोर हात का सोडत नव्हती.

संध्याकाळी जेकबला विचारलं, "कधीपासून?"

"डॉक्टरने नोव्हेंबरमध्ये सांगितलं."

"सात वर्षांच्या मुलीला सांगितलंत आणि मला नाही?"

त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाला, "मम्मी, मी तीन वेळा start केला. तू तिचा नावच पुरा बोलू देत नाही."

हे खोटं असतं तर बरं झालं असतं.


३० मे, शुक्रवार

दोन दिवस इंग्रिड बरी आहे. बुधवारचं तिला काही आठवत नाही. मला मझल म्हणते, चहात दूध किती ते विचारते. मी तिच्याकडे बघत राहते. दोनदा आलेलं कार्ड, बुटांच्या कपाटातला डबा, बिनसाखरेचा केक. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मला प्रत्येक वेळी फक्त मीच दिसले.

पण मत्सर गेला म्हणावं तर तसंही नाही. याएल आज सकाळी इंग्रिडच्या मोज्यांची जोडी लावत होती आणि मला वाटलं, ते मोजे माझे असायला हवे होते. आजारी माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी कात्रिन म्हणाली, "मम्मी, आज सिनेगॉगमध्ये तुमची वाट बघतायत. मामाने मार्चमध्येच जाऊन सांगून ठेवलं होतं." इंग्रिडला विचारलं तर तिला काहीच आठवेना. "मी? छान केलं की मग," म्हणाली आणि कोट घालून आली.

जुनं सिनेगॉग नाझींनी जाळलं होतं, त्याच जागी नवं बांधलंय. ठाण्यात आम्ही बेने इस्रायल लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणायचो, हे दारातल्या बाईंना सांगितलं तर त्यांना मोठी गंमत वाटली. म्हणाल्या, "लंडनच्या बाई तुम्हीच का? इंग्रिड शाळेत माझ्या मुलाला शिकवायची. येऊन म्हणाली, माझी विहीण येणार आहे, तिला इथे परकं वाटता कामा नये."

मी पुस्तक उघडून बसले. इंग्रिड शेजारी. एकही शब्द तिच्या ओळखीचा नव्हता, पण सगळे उभे राहिले की ती माझ्याकडे बघायची आणि उभी राहायची. मी बसले की बसायची. मला वाचायचं सोडून तिच्यासाठी वेळेवर उठावं लागत होतं.


८ जून, रविवार. एजवेअर

ठरलं आहे. जुलैच्या शेवटी ते जाणार. कात्रिनला तिथल्या दवाखान्यात नोकरी मिळाली, ऑगस्टच्या मध्यावर रुजू व्हायचं. जेकबची कंपनी त्याला तिथून काम करू देते, पण मीटिंग्ज सुरू झाल्या की दार बंद. दिवसा इंग्रिडजवळ बसायला बाई हवी. नोव्हेंबरपर्यंत कुणी मिळत नाही. इंग्रिडला इकडे आणता येतं का तेही पाहिलं त्यांनी. व्हिसाचं काही जमण्यासारखं नाही.

जेकब हे सगळं फोनवर सांगत होता आणि मी मधे न बोलता ऐकत होते. त्यालाच शेवटी विचारावं लागलं, "मम्मी, are you there?"

माझ्या मनात काय आलं ते लिहिते. मनात आलं, माझं डोकं असं व्हायला लागलं तर कोण येईल? तिच्यासाठी देश सोडून चाललेत. माझ्यासाठी लंडनभोवतीचा M25 रस्ता तरी ओलांडतील का? आजारीच पडायचं तर मी आधी पडायला हवं होतं. हा विचार आला आणि मी उठून भांडी घासायला लागले.


२२ जून, रविवार

सुहासिनीबरोबर ईलिंग रोडला, आपल्याकडच्या किराण्याला, गेले होते. येताना ट्यूब रेल्वेत म्हटलं, "मी हामेलनला जाते. तीन महिने. इंग्रिडजवळ बसायला."

तिने पिशवी मांडीवर घेतली. "मझल, तू? तिच्याजवळ?"

"ब्रिटिश पासपोर्टवर तीन महिने चालतं. तोवर बाई मिळेल."

"केवढं मोठं मन आहे गं तुझं," म्हणाली. तिचे डोळे भरून आले. स्टॅनमोरपर्यंत माझा हात धरून बसली.

 काय सांगायचं? की याएल शाळेतून घरी येईल तेव्हा घरात फक्त तिची ओमा असणार, हे मला सहन होत नाही? की मी तिथे असले तर दप्तर आधी मी घेईन? मन मोठं असतं तर मी एजवेअरला निजून राहिले असते आणि त्यांना आशीर्वाद दिले असते.

जेकबला फोन केला. तो इतका वेळ गप्प की मीच विचारलं, आहेस ना. मागून कात्रिनचं रडणं ऐकू आलं. मग तिने फोन घेतला आणि मोडक्या मराठीत, कुठून शिकली कोण जाणे, म्हणाली, "मम्मी, तुम्ही खूप चांगली आहे."

आता मराठीत चुका करणारे घरात तिघे झाले.


१० ऑगस्ट, रविवार

उद्या निघायचं. बॅग भरली. मसाले, पोहे, रवा, संधिवाताच्या गोळ्या. सुहासिनी चावी घेऊन गेली, झाडांना पाणी घालणार आहे. जर्मनचे थोडे शब्द पाठ केलेत: बसा, चला, घाबरू नका, मी इथेच आहे. एवढ्यावर भागेल असं वाटतं.

संध्याकाळी याएलचा फोन आला. गुरुवारी तिची शाळा सुरू.

"आजी, तू ओमासाठी येते की माझासाठी?"

म्हटलं, "तुझ्यासाठी."

ती म्हणाली, "मी ओमाला सांगितला, तू तिचासाठी येते. ती खूश झाली. Was that a lie?"

"नाही. असू दे तसंच."

"ती रोज विसरते. मी रोज सांगते. रोज खूश होते." मग म्हणाली, "शाळेतून घरी आला तर दार कोण उघडणार? तू की ओमा?"

"दोघी," म्हटलं.

"दोघी कसा उघडणार? एकच दार आहे."

"बघू आम्ही," म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मी आधी उठणार आहे. इंग्रिडचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, पण दार कुठे आहे ते मला आठवतं. हे लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. खोडत नाही, खरं आहे ते.

गुरुवारी मात्र इंग्रिडला उघडू देईन. पहिला दिवस आहे शाळेचा. तिला दारापर्यंत नेईन, हात कडीवर ठेवून देईन आणि जरा मागे उभी राहीन.